नव्या घराचं फर्निचर करतोय, आईला दमा आहे: गोंद आणि टेप कुठले घेऊ?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. नाशिकला टू बीएचके घेतलाय, ताबा मिळालाय, दसऱ्याला वास्तुशांत करायची ठरलंय आणि श्रावण लागला पण, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. सुतार पुढच्या आठवड्यात काम सुरू करतो म्हणतोय. त्याने सामानाची यादी दिली त्यात पांढऱ्या फेविकॉलच्या दोन बादल्या, पाच लिटरचा रबर सोल्यूशनचा डबा, सिलिकॉनच्या नळ्या, ब्राऊन टेप, डबल साइड टेप असं सगळं आहे.

माझी काळजी अशी की आईला दमा आहे, पंप रोजचा, आणि मुलगी साडेतीन वर्षांची, जे हातात येईल ते तोंडात. बहिणीने मागच्या वर्षी ठाण्यात तयार वॉर्डरोब घेतला, त्याचं दार उघडलं की अजून डोळे चुरचुरतात, सहा महिने होऊन गेले. विकणाऱ्याने सांगितलं नव्या लाकडाचा वास असतो जाईल, पण आई तिथे दोन रात्री राहिली आणि तिसऱ्या दिवशी नेब्युलायझर लावावा लागला. ते डोक्यातून जात नाहीये.

तर कमीत कमी त्रासाचे गोंद आणि टेप कुठले ते सांगा. दुकानात विचारलं की प्रत्येक डब्याकडे बोट दाखवून हा ईको-फ्रेंडली आहे असंच म्हणतात. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, पण खरंच फरक पडणार असेल तिथेच घालवायचेत.

रंधा:

भाऊ, बावीस वर्षं या धंद्यात आहे, सांगलीला वर्कशॉप आहे, जे हाताने वापरलंय तेच सांगतो.

यादीतला पांढरा फेविकॉल राहू दे, तो पाण्यातला गोंद आहे, पाणी लाकडात मुरलं आणि उडालं की धरतो, वास किरकोळ. रबर सोल्यूशन मात्र काढायला सांग. त्यात टोल्युइन, हेक्झेन असली द्रावणं असतात, ती उडूनच तो गोंद सुकतो म्हणजे डब्यातला निम्म्याहून जास्त माल घरातल्या हवेत जातो असं समज. सुतारांना तो आवडतो कारण काम पटकन होतं. दोन्ही बाजूंना लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, सनमायका दाबली की बसली. पांढऱ्यात तसं नाही, त्यात सनमायका लावून वर वजन ठेवावं लागतं किंवा पट्ट्या ठोकून रात्रभर दाबून ठेवावं लागतं, आणि आत्ता पावसाळी हवेत तर त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे मजुरीचे दिवस जास्त लागतात, म्हणून सुतार यादीत रबर लिहितो. त्याला सरळ सांग की दोन-तीन दिवसांची जास्तीची मजुरी देतो पण सपाट सनमायका सगळी पांढऱ्यात लाव. नव्वद टक्के काम होतं त्यात. किचन सिंकच्या आसपास पाणी लागतं तिथे पांढऱ्यातच पाणी सोसणारा येतो, डब्यावर डी थ्री लिहिलेलं असतं, तो घे.

गोलाईच्या कडा, सोफ्याचा फोम, रेक्झिन असल्या जागी रबर लागतोच, खोटं सांगत नाही. पण तेवढं काम बाल्कनीत किंवा गच्चीवर करून आत आणता येतं.

अजून एक, हे मनापासून सांगतोय. सुरुवातीच्या काळात एका कामावर पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून आमचा एक पोरगा बेडरूममध्ये दिवसभर रबर मारत होता, संध्याकाळी जिन्यात कोसळला. उचलून बाहेर मोकळ्या हवेत बसवला, तासाभराने नीट बोलायला लागला. तेव्हापासून माझ्याकडे बंद खोलीत तो डबा उघडत नाही. आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते, शेजारच्या खोलीत देवासमोर समई लावलेली असेल किंवा चहासाठी गॅस पेटवला असेल तर भडका उडू शकतो. तुमची आई नव्या घरात येऊन आधीच देव मांडणार असेल तर काम संपेपर्यंत दिवा लावू नका म्हणावं.

उंबरठा:

आम्ही दोन वर्षांपूर्वी सगळं रबर सोल्यूशननेच केलं, आठ दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या, वास गेला, काही झालं नाही. एवढी चिंता करू नका, सगळेच करतात.

विरजण:

उंबरठा, तुमचा वास आठ दिवसांत गेला हे खरंच असणार, कारण द्रावणं पटकन उडतात आणि मोकळी हवा असेल तर आठवड्यात बरीचशी संपतात. त्यांचा धोका मुख्यतः काम करणाऱ्याला. हेक्झेन वर्षानुवर्षं हुंगणाऱ्यांचे हातपाय बधिर होतात, इटली आणि जपानमधल्या चपला-बूट बनवणाऱ्या कामगारांमध्ये ते साठच्या दशकातच दिसलं होतं. म्हणून रंधा म्हणतात त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पण गोदाकाठ यांच्या बहिणीकडे सहा महिन्यांनी डोळे चुरचुरतात, ते प्रकरण वेगळं आहे. तो बहुतेक फॉर्मल्डिहाइड आहे, बोर्डातल्या गोंदातून सुटणारा, डोळ्या-नाकाला झोंबणारा वायू. मी तीस वर्षं रेझिनच्या कारखान्यात काढली, त्या चुरचुरण्याची मला चांगली ओळख आहे.

आपण सगळे डब्यातल्या गोंदाची चर्चा करतोय पण घरात सगळ्यात जास्त गोंद येतो तो बोर्डाच्या पोटातून. एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डात, वजनाच्या साधारण दहा टक्के रेझिन म्हणजे गोंद असतो. आठ बाय चारचा अठरा एमएमचा एक शीट चाळीस किलोच्या आसपास भरतो, म्हणजे एका शीटमध्ये चार किलो गोंद, आणि एका वॉर्डरोबला असे किती शीट लागतात ते मोजा. हे रेझिन बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइडचं असतं कारण ते स्वस्त आणि रंगहीन असतं. त्याची खोड अशी की दमट हवा आणि उष्णता मिळाली की त्याचे बंध हळूहळू तुटतात आणि फॉर्मल्डिहाइड सुटत राहतो. ठाण्याची दमट हवा त्याला अगदी मानवते. तुमच्याकडे नाशिकला हवा कोरडी त्यामुळे थोडं बरं, पण पहिल्या एप्रिल-मेमध्ये घर तापलं की पुन्हा वास आल्यासारखा वाटेल, तेव्हा घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका, हवा खेळती ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीला एका घनमीटरमध्ये ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा दिलेली आहे, आणि २००४ साली त्यांच्याच कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. हे भीती घालायला सांगत नाही, एका कपाटाने कोणाला कर्करोग होत नाही, पण दम्याच्या माणसाला त्याची आग लवकर जाणवते हे खरं आहे.

मग घ्यायचं काय. प्लायवूडमध्ये आयएस ७१० म्हणजे ज्याला दुकानात मरीन किंवा बीडब्ल्यूपी म्हणतात तो फिनॉलच्या रेझिनचा असतो, त्याचे बंध पाण्याने सहज तुटत नाहीत त्यामुळे तो फार कमी फॉर्मल्डिहाइड सोडतो. एमआर ग्रेड, म्हणजे फक्त थोडी ओल सोसणारा, आयएस ३०३ मध्ये येतो तो बहुतेक युरियाचा. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड घ्यायचाच असेल तर ई वन किंवा ई झिरो (फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारे दर्जे) छापलेलं बघा आणि कंपनीचा टेस्ट रिपोर्ट मागा, नुसत्या तोंडी ई झिरोवर विश्वास ठेवू नका.

आणि एक कळकळीची विनंती, नव्या फर्निचरचा वास मारायला धूप, अगरबत्ती, कापूर, रूम फ्रेशनर लावू नका. अगरबत्तीच्या धुरातही फॉर्मल्डिहाइड असतो आणि बारीक कण असतात, दम्याच्या पेशंटला ते वेगळंच भोवतं. मनी प्लँटच्या दोन कुंड्यांनीही घराची हवा साफ होत नाही, ते प्रयोग छोट्या बंद पेटीतले होते, खऱ्या खोलीत त्यासाठी जंगलच लावावं लागेल. झाडं आवडतात म्हणून जरूर ठेवा.

गोदाकाठ:

विरजणकाका, खूप खूप धन्यवाद, इतकं कोणीच समजावून सांगितलं नव्हतं. म्हणजे मी चुकीच्या डब्यांच्या मागे लागलो होतो. पण ७१० चा शिक्का तर दुकानदार कशावरही दाखवतात, ओळखायचं कसं? आणि सुतार म्हणतो आतून मरीन कशाला, फक्त किचनला घ्या, बेडरूमला एमआर चालतो, भावात बराच फरक आहे.

रंधा:

ओळखायचा घरगुती उपाय आहे. दुकानातून हातभर तुकडा माग, देतात, त्यातले चार-चार इंचाचे तुकडे काप आणि जुन्या पातेल्यात पाण्यात उकळत ठेव. आयएस ७१० च्या चाचणीत तर बहात्तर तास उकळतात, आपल्याला एवढं नको, तीन-चार तासांत युरियावाला पापुद्रे सोडायला लागतो, चाकूचं टोक घातलं की थर सुटे होतात. फिनॉलवाला तसाच घट्ट राहतो. कापलेल्या कडेला गोंदाची रेघ पण गडद तांबूस-काळपट दिसते, पण नुसत्या रंगावर जाऊ नकोस, रंग मिसळणारे पण आहेत, उकळूनच बघ. आणि हे घराबाहेर कर, गच्चीत नाहीतर अंगणात, किचनमध्ये नको, ती वाफ तीच जी टाळायचीय. पातेलं परत स्वयंपाकात घेऊ नका.

सुतार म्हणतो ते पैशाच्या हिशोबाने बरोबर आहे, बेडरूममध्ये पाणी नाही म्हणून एमआर टिकतो. पण तुझा प्रश्न टिकण्याचा नाहीये, आई जिथे झोपणार तिथल्या हवेचा आहे. मी उलट करेन, आईच्या खोलीत कमीत कमी बोर्ड.

बजेट अडलं आणि कुठे एमआर वापरलाच तर एक गोष्ट नक्की करून घे. वायू जास्त सुटतो तो उघड्या कडांतून आणि आतल्या कोऱ्या भागातून. सुतार बाहेरून सनमायका लावतो आणि आतून, मागून, खालून तसंच कोरं सोडतो, कारण दिसत नाही. सगळ्या कडांना मशीनने एज बँडिंग म्हणजे कडेवर पट्टी लावून घे, ते गरम वितळवलेल्या गोंदाने लागतं त्यात द्रावण नसतं, आणि आतली बाजू, पाठ, बिजागऱ्यांची भोकं, कप्प्यांच्या खालचा भाग सगळं बंद करून घे. ड्रॉवरच्या तळाची फळी तर सगळेच विसरतात.

विरजण:

कडा बंद करण्याबद्दल रंधांशी शंभर टक्के सहमत, ते पुस्तकात वाचून कळत नाही, हाताखालून गेलेल्या माणसालाच सुचतं.

सिलिकॉनचं राहिलं होतं. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ती अॅसिटिक प्रकारची, सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडते, एक-दोन दिवसांत जातं पण दम्याला झोंबतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेली नळी मिळते, किंचित महाग, ती घ्या, आरशाच्या मागे आणि धातूलाही तीच बरी. दोन नळ्या कालवून करायच्या इपॉक्सी लांबीला वास कमी म्हणून लोक उघड्या हाताने मळतात, तसं करू नका, कालवताना त्वचेला अॅलर्जी लागते आणि एकदा लागली की आयुष्यभर राहते. हातमोजे घाला. फेविक्विकसारख्या झटपट गोंदाची वाफही डोळ्याला लागते, आणि सुती कापडावर सांडला तर इतका तापतो की चटका बसतो, मुलीच्या फ्रॉकपासून लांब ठेवा.

पाण्यातला गोंद म्हणजे अगदी निर्धोक असंही नाही, तो नासू नये म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतात, काहींना त्याने हाताला खाज सुटते. ब्रश सिंकमध्ये धुण्याआधी कागदाला पुसून घ्या म्हणजे गटारात कमी जाईल.

खळ आणि कात्री:

मी उशिरा आले पण टेप आणि लहान मुलीचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझं साताऱ्यात बुकबाइंडिंगचं काम आहे, सासऱ्यांपासून चालत आलेलं.

मुलगी तोंडात घालते म्हणताय तर तिच्या हस्तकलेला घरी खळ करा. एक वाटी मैदा, चार-पाच वाट्या पाणी, आधी थोड्या गार पाण्यात मैदा गुठळ्या न राहता कालवायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सारखं ढवळायचं, पांढरट रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. गरज वाटली तर गाळून घ्यायची. आम्ही बाइंडर त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतो पण मोरचूद विषारी आहे, लहान मूल असलेल्या घरात अजिबात घालायचा नाही. बिनमोरचुदाची खळ फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते, मग टाकून नवी करायची, दहा मिनिटांचं काम आहे. आपण लहानपणी पतंग भाताच्या शिताने चिकटवायचो तोच हा प्रकार, पिठूळ असलं की धरतं.

चिंचोक्याची खळ याहून चिवट. चिंचोके भाजून साल काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. घोंगडीला हीच लावतात, सावंतवाडीच्या गंजिफांच्या पानांना पण हाच लेप असतो. मी जाड पुठ्ठ्याला वापरते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, कुठलीही खळ झुरळांना आणि कसरीला आवडते, म्हणून भिंतीला कायमचा कागद लावायला किंवा कपाटाच्या आत अस्तर लावायला ती नको. जे महिना-दोन महिन्यांत टाकायचंय त्याला उत्तम, गणपतीचं पुठ्ठ्याचं मखर आमच्याकडे पूर्ण खळीवर उभं राहतं, थर्माकोलची आठवण पण येत नाही.

आता टेप. आपण सगळ्याला सेलोटेप म्हणतो, मूळचा सेलोफेनचा टेप लाकडाच्या सेल्युलोजपासून व्हायचा, आता दुकानात मिळतो तो बहुतेक सगळा प्लॅस्टिकचा, ब्राऊन टेप पण प्लॅस्टिकच. सामान हलवायला खोकी बांधताय तर कागदी टेप घ्या, आणि त्यातही ओल्या फडक्याने पुसून लावायचा असतो तो, त्याला स्टार्चचा गोंद असतो, पुठ्ठ्यात रुतून बसतो आणि खोक्यासकट रद्दीत जातो. जो सोलून लगेच चिकटतो तो कागदी दिसला तरी गोंद रबराचा किंवा अॅक्रिलिकचा असतो, वाईट नाही पण फरक माहीत असावा.

आणि घरातल्या जुन्या पोथ्या, दाखले, फोटो यांना कृपा करून सेलोटेप लावू नका. काही वर्षांत पट्टी सुटते आणि गोंद कागदात पिवळा डाग होऊन उतरतो, तो आम्हाला पण पूर्ण काढता येत नाही. माझ्याकडे लोक आजोबांच्या हातची वही घेऊन येतात आणि बरोबर मधोमध टेपचा पट्टा असतो, फार जिवाला लागतं. फाटलं असेल तर पातळ कागदाची पट्टी आणि पातळ खळ.

भाडेकरू:

ताई, एक प्रश्न मध्येच. माझं भाड्याचं घर आहे, भिंतीवर डबल साइड टेपचे डाग पडलेत, थिनरने काढू का? आणि वायरला पण कागदी टेप चालतो का?

खळ आणि कात्री:

थिनर नको, रंग पण येईल आणि घरभर वास. गुळगुळीत ऑइल पेंट किंवा टाइल असेल तर खोबरेल तेल लावून तासभर ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडा आणि साबणाच्या पाण्याने पुसा. साध्या डिस्टेंपरवर तेल लावू नका, तेलाचा डाग बसेल, तिथे हेअर ड्रायरने गरम करून हळूच सोला. मास्किंग टेप लावलात तर काम झाल्या दिवशीच काढायचा, उन्हाच्या भिंतीवर आठवडाभर राहिला तर तोही गोंद सोडतो.

वायरचं रंधांना विचारा.

रंधा:

वायरला कागदी टेप अजिबात नाही! तिथे पर्यावरण बघायचं नाही, इलेक्ट्रिकचा पीव्हीसी इन्सुलेशन टेपच, तो पण आयएसआय शिक्क्याचा. खरं तर उघडा जोड टेपवर सोडूच नये, कनेक्टर लावून डबीत बंद करावा.

गोदाकाठ:

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय. तीन दुकानांतून तुकडे आणले, गच्चीवर पातेलं लावून उकळले. दोन तुकडे तीन तासांत पुस्तकासारखे उघडले, त्यातल्या एकावर ७१० चा शिक्का होता, दुकानदाराला दाखवला तर तो काही बोलला नाही. तिसरा चार तासांनी पण तसाच, चाकू आत जाईना. तोच घेतलाय, किचन आणि मुलीच्या खोलीपुरता. हॉलचं टीव्ही युनिट रद्द केलं, भिंतीला एक फळी पुरे.

आईच्या खोलीत फर्निचर करतच नाहीये. तिचं जुनं लोखंडी कपाट आणि शिसवी पलंग गावाहून आणतोय, तिला ऐकून इतका आनंद झाला की मला आधीच का सुचलं नाही असं वाटलं. सुताराशी पण बोललो, तीन दिवसांची जादा मजुरी ठरली, सपाट सगळं पांढऱ्यात, रबरचा फक्त अर्धा लिटरचा डबा आणि तो बाल्कनीतच उघडायचा. त्याच्याबरोबर दोन मुलं आहेत विशी-बाविशीची, ती तोंडाला रुमाल बांधतात. आणि काम संपल्यावर किती दिवस घर उघडं ठेवू?

रंधा:

रुमालाने भुसा अडतो, वाफ अडत नाही. कार्बनचं फिल्टर असलेला मास्क मिळतो, दोन आणून दे पोरांना, तुझ्या एकूण खर्चात ते कळणार पण नाही.

घर जितके दिवस जमेल तितके उघडं ठेव, तीन आठवडे तरी मिळावेत असं दसऱ्यापासून मागे मोजून काम संपव. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, सगळी दारं आणि ड्रॉवर पण बाहेर ओढून ठेव, बंद कपाटाच्या आतली हवा बदलत नाही. आणि खिडक्यांना जाळ्या आत्ताच बसवून घे, नाहीतर संध्याकाळी डास आले की घरातलं कोणीतरी उठून खिडक्या लावणारच.